टेकडीवरची पायवाट सांभाळायची कोणी?

प्रश्न : आम्ही बेलापूरला पारसिक टेकडीच्या पायथ्याशी राहतो. टेकडीवर जाणारी पायवाट चार-पाच सोसायट्यांतील मंडळी रोज सकाळी वापरतात. दर पावसाळ्यात ती उखडते आणि दुरुस्तीला आम्ही ठरावीक सहा-सात जणच जातो. वर्गणीचा विषय काढला की कुरबुर सुरू होते. जबाबदारीची वाटणी कशी करावी?
– एक वाचक, सीबीडी बेलापूर

उत्तर : वर्गणीपासून सुरुवात केल्यामुळेच बहुधा गाडी अडली असावी. कुदळ, फावडे, पहार आणि दोन-चार घमेली एवढ्यावर अशा वाटेची डागडुजी होते. कमी पडतात ते हात, आणि तेही नेमक्या वेळी.

मात्र कुदळ उचलण्यापूर्वी जमीन कोणाच्या ताब्यात आहे, हे लेखी विचारून घ्या. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची आणि महानगरपालिका १९९२ ची, त्यामुळे एकाच टेकडीचे भाग सिडको, पालिका आणि वन विभाग अशा वेगवेगळ्या यंत्रणांकडे असू शकतात. राखीव वनात विनापरवाना खोदणे किंवा झाडोरा तोडणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, आणि तेथे आपला हेतू चांगला होता हे सांगून भागत नाही. परवानगीचे पत्र मिळाले की त्याची प्रत प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लावावी.

वाटणी माणशी करू नका, वाटेच्या लांबीने करा. पाण्याच्या टाकीपासून पहिल्या वळणापर्यंत एक सोसायटी, तेथून मोठ्या कातळापर्यंत दुसरी, अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा ठरवा. ‘आपला टप्पा’ म्हटला की येता-जाता लक्ष राहते आणि ओघळ बोटभर असतानाच नजरेस पडते. धावणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांनाही एक टप्पा द्यावा. ज्यांना वाकणे जमत नाही अशा ज्येष्ठांनी नोंदवही सांभाळली आणि प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढून ठेवली, तर तोही कामातला पुरता वाटा आहे.

पायवाट पायांनी झिजते त्याहून अधिक पाण्याने कापली जाते. एखाद्या वळणाखाली थांबून पाहा : मुरूम वाहून गेलेला असतो, झाडाचे मूळ उघडे पडलेले असते, ते चुकवायला लोक कडेने चालतात, तेथले गवत मरते आणि पुढच्या पावसात त्या उघड्या मातीत दुसरी घळ पडते. म्हणून वाटेला उताराच्या बाहेरच्या बाजूस किंचित कल द्यावा, मीटरमागे साधारण ५ सेंटिमीटर, आणि चढाच्या जागी वाटेला तिरके छेदणारे चर काढून त्यांच्या खालच्या कडेला दगड पक्के बसवावेत. चराचे तोंड उतारावर मोकळे सुटले पाहिजे. मेअखेरीस सर्व टप्प्यांचे चर एकाच रविवारी साफ करा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा पाहा, कारण त्या पावसाचा गाळच त्यांना बुजवतो. दिवाळीनंतर गवत वाळू लागले की वणव्याची काळजी असते. वाळलेले गवत काढण्याचे काम वन कर्मचाऱ्यांना विचारूनच करावे.

निधी मिळवून संपूर्ण वाट काँक्रीटची करावी, असे कोणीतरी सुचवेलच. माझे मत स्पष्टपणे विरोधात आहे. काँक्रीटवरून पाणी अधिक वेगाने धावते आणि कडेची माती खणत जाते. शिवाय एकदा तडकल्यावर ते तुमच्या कुदळीने दुरुस्त होत नाही.

टप्पे ठरल्यावर एक पावसाळा जाऊ द्या. वर्गणीचा विषय घमेली फुटतील तेव्हा काढा.