बोर्ड उठायला २८ सेकंद लागतात, काय करू?

प्रश्न: दादा, मी महापेला एका छोट्या कंपनीत आहे, आम्ही पार्किंग गेटचा स्क्रीनवाला बोर्ड बनवतो, आत लिनक्स. लाइट जाऊन आली की चालू व्हायला २८ सेकंद, तोवर मागे हॉर्नची बोंबाबोंब. साहेब म्हणतात महागडा प्रोसेसर टाकू. टाकावा का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: अरे थांब, आधी वेळ जातोय कुठे ते मोज. सिस्टिमडी (लिनक्समध्ये सगळ्या सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्राम) असेल तर 'सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ क्रिटिकल-चेन' ही कमांड चालव, कोण कोणासाठी थांबलंय ते दिसतं. सगळे त्याच्याच 'ब्लेम' कमांडची यादी (कोणाला किती वेळ लागला) बघतात पण त्यात एकाच वेळी चालणाऱ्या सर्व्हिसेसचा वेळ वेगवेगळा दिसतो, बेरीज मोठी वाटून उगाच घाबरायला होतं. बऱ्याचदा चोर निघतो नेटवर्क! केबल लावलेली नसते आणि 'वेट-ऑनलाइन' ही सर्व्हिस बिचारी नेट येण्याची वाट बघत बसते, तुझ्या गेटला स्क्रीन दाखवायला नेट लागतंय का? नाही ना, मग काढ ती अट.

दुसरं, सिरियल कन्सोल, म्हणजे बोर्ड आपले मेसेज जिथून एकेक अक्षर करून बाहेर पाठवतो ती तार. १,१५,२०० बॉडला (हा तारेचा वेग) सेकंदाला फार तर ११,५२० अक्षरं जातात, म्हणजे कर्नलने (लिनक्सचा गाभा) ३५ हजार अक्षरं बडबड केली की ३ सेकंद गेलेच, कर्नलच्या कमांड लाइनला 'क्वायट' टाक आणि फरक बघ. यू-बूटचं (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम) काउंटडाउनही शून्य कर, गेटवर कोण बटण दाबायला बसलंय!

कर्नलची फाइल जीझिपऐवजी एलझेडफोर या पद्धतीने दाबून (कॉम्प्रेस करून) बघ, फाइल जरा मोठी होते पण उलगडते पटकन. फ्लॅश (फाइल ठेवायची मेमरी) फारच स्लो असेल तर मात्र उलटंही होतं, म्हणून दोन्ही मोज. प्रोसेसरचं साहेबांना नंतर सांग.