एससीएमध्ये मराठी नाव आणि ढालीवरचं चिन्ह नोंदवता येतं का?

येतं. एससीए म्हणजे मध्ययुगीन जीवन हौसेनं जगून पाहणाऱ्यांची संस्था; तिथे सदस्य त्या काळचं एक नाव आणि ढालीवरचं चिन्ह घेतात. पण तुम्ही म्हणताय तसं ‘रामदेवराव यादव’ हे नाव आणि ढालीवर हत्ती, त्रिशूळ, कमळ असं सगळं एका रांगेत, हे दोन्ही नामंजूर होऊन परत येईल.

आधी नाव. सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम (हीच एससीए; 1966 पासून, कॅलिफोर्नियातल्या बर्कलेची) इतिहासातल्या नामांकित माणसाचं नाव जसंच्या तसं देत नाही, आणि हा तर देवगिरीचा राजा. त्याच काळातला साधा माणूस व्हा की! पंढरपूरचा ‘चौऱ्याऐंशीचा’ शिलालेख 1273 च्या सुमाराचा; विठ्ठलाच्या देवळाला देणगी देणाऱ्यांची नावं त्यात कोरलेली आहेत. हेराल्ड मंडळींना (नावं आणि चिन्हं तपासणारे संस्थेतले लोक) असाच तारखेचा पुरावा लागतो. 1600 पूर्वीचा असावा, अगदीच अडलं तर 1650 पर्यंतचा चालवून घेतात. नुसतं ‘हे आमच्याकडे जुनं नाव आहे’ याला तिथे काडीची किंमत नाही. नावाला किमान दोन भाग हवेत, आणि तशी जोडी त्या काळी वापरात होती हेही दाखवावं लागतं. नोंद रोमन लिपीत होते, म्हणून लिप्यंतराची एकच पद्धत धरून ठेवा.

आता ढाल. एकाच गटात तीन वेगवेगळ्या वस्तू आल्या की हेराल्ड तिला ‘स्लॉट मशीन’ म्हणतात आणि सरळ बाद करतात. माझं ऐका, हत्ती ठेवा. रंगांचा नियम सोपा आहे: पिवळा आणि पांढरा हे धातू, लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू नाही, रंगावर रंग नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू यावं, एवढंच त्यामागचं कारण. पांढऱ्यावर पिवळा हत्ती कुणाला दिसणार?

खरी डोकेदुखी म्हणजे दुसऱ्याच्या चिन्हाशी टक्कर. समजा, लाल ढालीवर सोनेरी हत्ती कुणीतरी आधीच नोंदवलाय. तुम्ही ढाल निळी केलीत, तर तो एकच फरक, लागतात दोन. ढालीच्या कडेनं सोनेरी किनार जोडलीत की सुटलात. आजवर नोंदलेली चिन्हं ‘ऑर्डिनरी अँड आर्मोरियल’ या यादीत जालावर खुली आहेत, चित्र रंगवण्याआधी तिथे शोधा.

अर्ज स्थानिक हेराल्डमार्फत तुमच्या किंगडमकडे (संस्थेच्या प्रादेशिक विभागाकडे) जातो. तिथून तो ऑस्कर या संगणकीय व्यवस्थेत चढतो आणि ठिकठिकाणचे हेराल्ड त्याची चिरफाड करतात. शेवटचा निकाल नावावर ‘पेलिकन’ हे पद सांभाळणारे हेराल्ड देतात, चिन्हावर ‘रीथ’ पदावरचे. यात कित्येक महिने जातात, पण तोवर मेळाव्यात ते नाव वापरायला कुणी अडवत नाही; नोंदणी मुळात सक्तीची नाहीच. नाव अडकलं आणि चिन्ह पास झालं, तर ते तात्पुरत्या नावाखाली राखून ठेवतात. त्यामुळे दोन्ही अर्ज एकदमच द्या.