दुर्मिळ ग्रंथांच्या ग्रंथपालांच्या परिषदेला प्रायोजक होणं छोट्या कंपनीला परवडतं का? कोणती श्रेणी घ्यावी?

व्हा प्रायोजक. श्रेणी सगळ्यात खालची घ्या, आणि वरच्या श्रेणीसाठी बाजूला ठेवलेले पैसे आयोजकांना द्या, कुणाच्या तरी प्रवासखर्चासाठी. माझं उत्तर एवढंच आहे. पुढचं सगळं लिहितेय ते तुम्ही प्रश्नाखाली जोडलेल्या वाक्यामुळे: ‘एवढे पैसे घालून ऑर्डरी किती मिळतात?’ हे वाक्य मी आठ वर्षं ऐकतेय.

मी आणि माझा थोरला भाऊ मिळून जुन्या पुस्तकांसाठी पेट्या बनवतो. प्रत्येक पुस्तकाचं माप घेऊन, आत ते हलणार नाही आणि काढताना घासणारही नाही अशी. पहिल्यांदा प्रायोजक झालो तेव्हा दादाने मधली श्रेणी घेतली. पिशवीवर नाव, कार्यक्रमपत्रिकेत अर्धं पान, एक टेबल आणि सत्राच्या आधी पाच मिनिटं बोलायला. मला नुसतं टेबल हवं होतं. दादा म्हणाला, “नाव दिसणार नसेल तर जायचंच कशाला?”

पहिल्या दिवशी आम्ही नमुन्याच्या पेट्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक बाई टेबलापाशी आल्या. पेटी उचलली, झाकण उघडलं आणि आधी आतला वास घेतला. मग अंगठ्याने कोपऱ्यातली घडी दाबून पाहिली, कागद सुटतोय का ते. “यावर खूण केली तर चालेल?” मी हो म्हटलं. त्यांनी पर्समधून पीएच पेन काढलं. बाहेरच्या बोर्डावर, म्हणजे जाड पुठ्ठ्यावर, रेघ ओढली, ती जांभळी झाली. मग आतल्या अस्तराच्या कागदावर ओढली. ती पिवळी झाली, आणि आम्ही दोघी बघत राहिलो तरी पिवळीच राहिली.

ज्यांनी हे पेन वापरलं नसेल त्यांच्यासाठी: त्यात क्लोरोफिनॉल रेड असतं. जांभळी रेघ आली तर कागद ठीक, पिवळी आली तर कागदात आम्ल आहे. डाग कायमचा राहतो, म्हणून पुस्तकावर ते कधीच लावत नाहीत, नमुन्यावरच लावतात. आणि आमच्या पेटीवर ठळक अक्षरांत छापलं होतं ‘आम्लमुक्त’.

बाईंनी आवाज चढवला नाही. “अस्तर बदललंत का?” एवढंच विचारलं. मला माहीतच नव्हतं. दादाला माहीत होतं. नेहमीचा कागद वेळेवर आला नव्हता, म्हणून त्याने दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतला आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. बोर्ड आमचा खणखणीत होता, आयएसओ ९७०६ या टिकाऊ कागदाच्या आंतरराष्ट्रीय मानकात कागदासाठी सांगितलंय तसा, आम्ल मारणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचा २ टक्के साठा असलेला. पण पुस्तकाला बोर्ड टेकत नाही, अस्तर टेकतं. तीनशे वर्षांचं पुस्तक ज्या कागदाला टेकून पुढची पन्नास वर्षं राहणार, तोच आम्ही न तपासता चिकटवला होता.

त्या दुपारी पाच मिनिटं दादा बोलणार होता. त्याने चित्रं तयार केली होती. मी त्याच्या आधी उभी राहिले आणि सांगितलं, की काल नेलेल्या नमुन्यांचं अस्तर आम्लयुक्त आहे, त्यांत काहीही ठेवू नका, परत आणून द्या. बोलायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. उरलेला वेळ मी आयोजकांना परत दिला.

“स्वतःचे पैसे भरून स्वतःची बदनामी करून आलीस,” हे दादाचं म्हणणं. आजही तेच आहे.

पण सत्र संपल्यावर टेबलाभोवती जेवढी माणसं होती तेवढी आदल्या दिवशी दिवसभरात आली नव्हती. डिंक कोणता वापरता? प्रत्येक खेपेचा कागद वेगळा नोंदवता का? सायनोटाइप या निळ्या छपाईच्या छायाचित्रांसाठी कार्बोनेट नसलेला बोर्ड मिळेल का? (कार्बोनेट अल्कली असतं, आणि अल्कलीने त्यांचा निळा रंग उतरतो, म्हणून.) हे शेवटचं आम्हाला कुणी आधी विचारलंच नव्हतं. आज आमच्याकडे तो बोर्ड आहे तो त्या प्रश्नामुळे.

आता तुमच्या हिशोबाकडे येते. ही माणसं पिशवीवरचं नाव वाचून खरेदी करत नाहीत. त्यांच्या क्षेत्रात विश्वासघात कसा होतो हे त्यांनी पाहिलंय. पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयात २०१७ साली संग्रहाचं मूल्यांकन करायला घेतलं तेव्हा कळलं, की सुमारे २५ वर्षं तिथली दुर्मिळ पुस्तकं, नकाशे, चित्रांची पानं बाहेर जात होती. किंमत अंदाजे ८० लाख डॉलर. नेणारा तो विभाग सांभाळणारा माणूसच होता, आणि विकणारा एक पुस्तकविक्रेता. अशा परिषदांत विक्रेते आणि ग्रंथपाल एकाच दालनात बसतात, आणि ते बसायलाच हवेत, कारण संग्रह त्यातूनच वाढतात. पण म्हणूनच त्यांचे नियम कडक आहेत. अमेरिकेतल्या या ग्रंथपालांच्या २००३ च्या आचारसंहितेत कामाच्या संबंधातून येणाऱ्या भेटवस्तू घेऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं होतं. तेव्हा महागड्या भेटी वाटायचा बेत असेल तर तो सोडा. समोरच्याला अवघड होतं.

त्यांच्या परिषदा काही कालच्या नाहीत. अमेरिकेतली पहिली १९५९ मध्ये शार्लट्सव्हिलला, व्हर्जिनिया विद्यापीठात भरली. आमची पेटीसुद्धा अशाच लोकांच्या विचारातून आली. फ्लॉरेन्सच्या १९६६ च्या पुरात भिजलेल्या पुस्तकांवर काम केलेले पीटर वॉटर्स पुढे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेले, आणि तिथे ‘फेज बॉक्स’ रुजली. सगळ्या पुस्तकांची दुरुस्ती एकदम होणं शक्य नाही, तर पाळी येईपर्यंत निदान प्रत्येकाला पेटी तरी द्या, हा त्यामागचा विचार. हे मला शाळेत शिकवल्यासारखं पाठ आहे, कारण मला माझ्या कामाचा अभिमान वाटतो.

प्रवासखर्चाचं का म्हणते ते सांगते. दुसऱ्या वेळी मी हट्टाने पिशवीवरचं नाव काढायला लावलं आणि त्या पैशांतून दोन जणांचा प्रवासखर्च दिला. त्यातले एक गृहस्थ एकटेच विभाग सांभाळत होते. मदतनीस नाही, संवर्धक नाही, जुनी बांधणी सुटलेली पुस्तकं सुती फितीने बांधून ठेवलेली. मोठ्या संस्थांची माणसं कशीही येतातच. ज्यांच्या हातात खरोखर पुस्तकं असतात त्यांनाच रजा आणि भाडं मिळत नाही. आयोजकांना मात्र सांगा, की निवड तुम्ही करा, आम्हाला नावं परिषदेनंतर कळली तरी चालतील. निवडीत प्रायोजकाने बोट घालू नये.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं पेट्या, कागद, बोर्ड विकणाऱ्यांपुरतं खरं आहे. तुम्ही डिजिटायझेशनचं यंत्र किंवा सूचीचं सॉफ्टवेअर विकत असाल, तर ते चालवून दाखवावं लागतं, तिथे बोलायची वेळ विकत घेणं योग्य ठरू शकतं. आणि कर्ज काढून जाणार असाल तर या वर्षी जाऊ नका.

ऑर्डरींचं विचारलंत. पेनवाल्या बाईंच्या ग्रंथालयाची पहिली ऑर्डर चौदा महिन्यांनी आली. आधी नमुना, मग पुस्तकांची मापं, मग त्यांच्या पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची वाट. चाळीस पेट्या, एकीचं माप दुसरीसारखं नाही, आणि अट अशी, की प्रत्येक खेपेबरोबर अस्तराची एक सुटी पट्टी पाठवायची. दादाने वहीत परिषदेचा खर्च त्याच वर्षी ‘बुडीत’ म्हणून लिहून टाकला होता, आणि या चाळीस पेट्या नंतरच्या वर्षात ‘नवीन ग्राहक’ म्हणून मांडल्या. तुम्ही तसं करू नका. परिषदेच्या नावाचं एक वेगळं पान ठेवा आणि ते निदान तीन वर्षं उघडं ठेवा.