सहा फ्लोरिन, मग ‘ऑक्टा’ कुठून आला?

प्रश्न: मुलगी बारावीला आहे. केमिस्ट्रीत सल्फर हेक्साफ्लोराइडचा शेप ऑक्टाहेड्रल दिलाय. फ्लोरिन तर सहाच, आणि ऑक्टा म्हणजे आठ ना? शिवाय हे हेड्रन, गॉन, पाइप्ड वगैरे नक्की काय असतं?
– एक आई, जळगाव

उत्तर: ताई, मुलीची शंका अगदी रास्त आहे, कारण क्लासमध्ये ऑक्टा म्हणजे आठ एवढं सांगतात पण आठ काय ते कुणी सांगतच नाही, आणि ते शब्दाच्या शेपटीत असतं. ‘हेड्रा’ म्हणजे ग्रीकमध्ये बसायची जागा, बैठक, आणि त्यावरून मग ठोकळ्याची सपाट बाजू, आपण फलक म्हणतो ती. (आपल्या सदन, संसदमधला ‘सद्’ म्हणजे बसणं, तो आणि हा हेड्रा मुळात एकाच धातूचे, मला हे फार आवडतं.) म्हणजे हेड्रन आलं की फलक मोजायचे, कोपरे नाही.

आता तिला कागदावर काढायला सांगा. मधे सल्फर, चार फ्लोरिन चौरसात, एक वर, एक खाली, आणि हे सहा बिंदू रेघांनी जोडले की वर चार त्रिकोण, खाली चार, झाले आठ. अणू बसलेत कोपऱ्यांवर आणि नाव पडलंय फलकांवरून. मिथेनच्या टेट्राहेड्रनला हा घोळ कधी जाणवत नाही कारण तिथे कोपरेही चार आणि फलकही चारच! तुरटीचे चांगले खडे वाढवले तर ते आठ फलकांचेच येतात, जमलं तर घरी करून बघा.

‘गॉन’चं उलट, गोनिया म्हणजे कोन, म्हणून डोडेकॅगॉन हा सपाट बारा कोनांचा, पण डोडेकाहेड्रनला बारा फलक आणि कोपरे मात्र वीस. आपल्या मराठी पुस्तकातले चतुष्फलक, अष्टफलक हे शब्द जड वाटतात खरे, पण काय मोजायचं ते थेट सांगतात, म्हणून मला तेच बरे वाटतात.

राहिलं पाइप्ड. तिथे शेपटी ‘पाइप्ड’ नाहीच, शब्द तुटतो पॅरलल अधिक एपिपेडॉन असा, एपिपेडॉन म्हणजे सपाट पृष्ठ. म्हणूनच पॅरललेपाइप्ड (समोरासमोरचे फलक समांतर असलेला ठोकळा), मधे ‘ए’. आपल्याकडे गाइडांमधे सर्रास ‘ओ’ छापलेला दिसतो. व्हेक्टरच्या चॅप्टरमधे घनफळ काढायला हाच ठोकळा येतो, तेव्हा मुलीला स्पेलिंग आत्ताच नीट करून घ्यायला सांगा.