रांजणातले जव संपले की

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं. साखरपुडा होऊन जेमतेम दोन महिने होतात, तोवर हॉलच्या भाड्यावरून आणि पाहुण्यांच्या यादीवरून तुमचं वाजलं. आणि तू लगेच विचारतोस, "मावशी, माझी निवड चुकली का?" ते मला काय, तुलाही आज कळायचं नाही. पण पैशावरून वाजलं म्हणून हबकू नकोस. तालमूद, म्हणजे आपल्या ज्यू धर्मगुरूंच्या चर्चांचा जुना ग्रंथ, त्यातले रव पापा नावाचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, म्हणतात, रांजणातले जव संपले की भांडण दार ठोठावून घरात शिरतं. नशीब नाही, ग्रह नाहीत, थेट धान्याची गोष्ट.

कोकणात घाण्यावर तेल काढणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या आपल्या शनिवार तेल्यांपर्यंत, म्हणजे आपल्या बेने इस्रायल ज्यूंपर्यंत, हा तालमूद कितीतरी शतकं पोचलाच नव्हता. तरी त्यांचे संसार झालेच. तेव्हा हे वाचलं नाही तर तुझं अडेल असं मुळीच नाही. पण वाचशील तर मजा येईल. जवाच्याच पानावर एक रब्बी बजावतात, बायकोच्या सल्ल्याने चालणारा नरकात पडतो. त्यावर पापा लोकांच्या तोंडची म्हण पुढे करतात: बायको ठेंगणी असेल तर वाक आणि तिच्या कानाशी बोल. सगळी बोलणी पुरुषांनी पुरुषांशी केलेली, हे मला दरवेळी खुपतं. पण निदान आपसात भांडले तरी.

तुला खरी सांगायची आहे ती रब्बी मेइरांची गोष्ट. ते शुक्रवारी रात्री सिनेगॉगमध्ये, म्हणजे आपल्या प्रार्थनामंदिरात, प्रवचन करायचे. एक बाई नेमाने ऐकायला यायची. एकदा प्रवचन लांबलं. ती घरी पोचली तर दिवा विझलेला आणि नवरा दारात. म्हणाला, त्या रब्बीच्या तोंडावर थुंकून आल्याशिवाय या घरात पाऊल टाकायचं नाही. हे मेइरांना कळलं. त्यांनी डोळा दुखत असल्याचं सोंग केलं आणि विचारलं, मंत्र म्हणून डोळ्यात थुंकणारी कोणी बाई आहे का? शेजारणींनी हिला पुढे ढकललं. ती थरथरत म्हणाली, मला मंत्र येत नाही. मेइर म्हणाले, नसू दे, सात वेळा थुंक. ती थुंकली. मग ते म्हणाले, जा, नवऱ्याला सांग, तू एकदा म्हणालास, मी सात वेळा थुंकले.

शिष्य खवळले. आम्हाला सांगितलं असतंत तर त्या माणसाला फटके मारले असते! मेइरांचं उत्तर असं की, नवराबायकोत शांतता व्हावी म्हणून बायकोवरच्या संशयाच्या जुन्या विधीत देवाने आपलं लिहिलेलं पवित्र नाव पाण्यात पुसू दिलं, तिथे माझा मान कोण लागून गेला?

नवरा तिरसटच होता, त्याची बाजू मी घेत नाही. पण हॉलच्या भांडणात तुझं नेमकं काय गेलं, याचा विचार कर. पैसे गेले की मान?

नव्याने ओढ वाटण्याबद्दलही हेच मेइर बोलले आहेत. पाळीच्या काळात नवराबायकोने दूर राहायचं आणि मग मिकवेत, म्हणजे शुद्धिस्नानाच्या हौदात, बुडी घ्यायची असा नियम आहे. का? तर सवयीने माणूस कंटाळतो, म्हणून; परतताना ती लग्नमंडपात आली त्या दिवसाइतकी प्रिय वाटावी. हा नियम आज अनेकींना जाचतो आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. पण 'कंटाळा येणार' हे इतकं उघड कबूल करणारा धर्मग्रंथ मला आवडतो.

तू लिहितोस, "तिचा स्वभाव बदलेल ना?" नवरीपुढे नाचताना काय म्हणायचं, यावर शम्माई आणि हिल्लेल या दोन जुन्या गुरूंच्या शिष्यांत वाद झाला होता. शम्माईवाले म्हणाले, जशी आहे तशी सांगा, खोटं कशाला? हिल्लेलवाले म्हणाले, प्रत्येक नवरी सुंदर आणि लाघवी म्हणावी. मी हिल्लेलच्या बाजूची. खोटं बोल म्हणत नाही. पण चारचौघांत तिची उणी काढणं हे खरं बोलणं नव्हे.

मात्र सगळंच पोटात घालायचं असतं, असं समजू नकोस, आणि तिलाही तसं सांगू नकोस. सापाबरोबर एका टोपलीत कोणी राहू शकत नाही, हेही तालमूदमध्येच आहे. मारझोड, धाक, खोटेपणा ही उणीव नव्हे. म्हणून तर घटस्फोटाची, म्हणजे 'गेट' या घटस्फोटपत्राची, वाट ठेवलेली आहे.

मलिद्याचं ताट आणि किद्दूशसाठी, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादासाठी, काळ्या मनुकांचा रस मी करीन, त्याची काळजी करू नका. मनुका आदल्या रात्रीच भिजत घालायच्या, म्हणून तारीख पक्की झाली की कळव. आणि केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, सहीच्या दिवशीच पहिल्यांदा बघू नकोस. तो अरामी भाषेत असतो. हझानकडे, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याकडे, जाऊन एकदा अर्थ समजून घे. अन्न, वस्त्र, तिच्या नावाची रक्कम, सगळं त्यात आहे. जाताना तिला बरोबर ने. हॉलच्या भाड्याचं तिथून परतताना बोला.

तुझी मावशी