चेनसॉला एक रिंगचा पिस्टन बरा की दोन रिंगचा? पिस्टन बदलून ताकद वाढते का?

रिंगा नंतर मोजा, आधी पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे रिंगांखालचा भाग, मोजा. चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक, त्याला पिस्टन हाच व्हॉल्व्ह. इनलेट, म्हणजे मिश्रण आत यायचं पोर्ट (सिलिंडरचं भोक), कधी उघडायचं नि कधी मिटायचं, ते स्कर्टची खालची कड ठरवते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धनवरून गेलं. नारळी-पोफळी आडव्या, रस्ते बंद, आणि नेमका आमच्या एका मशीनचा पिस्टन गेला. लॉकडाऊनमुळे कंपनीचा माल मिळेना. दादाने कुठूनतरी बिननावाचा आणला. ४६ मिमीचाच, पिस्टन रॉडला जोडणारी गजन पिनही बरोबर बसली. मशीन सुरू झालं, पण लाकडाला लावलं की दम तोडायचं. फिल्टर काढला तर तेल-पेट्रोलने थबथबलेला. मी म्हटलं, हा मिश्रण मागे फिल्टरकडे थुंकतोय, पिस्टन चुकलाय. दादा म्हणाला, पेट्रोल जास्त येतंय, आणि त्याने कार्बोरेटरचा हाय स्क्रू आवळून पेट्रोल कमी केलं. मशीन मस्त किंचाळलं. पंधरा मिनिटांत पडलेल्या आंब्याच्या बुंध्यातच जाम.

उघडलं तर सायलेन्सरच्या बाजूने पिस्टन ओरबाडलेला, ॲल्युमिनियम सिलिंडरला चिकटलेलं. जुना-नवा शेजारी ठेवून मापाचा व्हर्नियर लावला. इनलेटकडे स्कर्ट २ मिमी आखूड! म्हणजे पिस्टन खाली येताना पोर्ट उशिरा मिटतं, तोवर पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये दाब झालेला असतो, नि आत घेतलेलं मिश्रण उलटं कार्बोरेटरकडे जातं. त्यात स्क्रू आवळून पेट्रोल आणखी कमी केलं, म्हणून जाम. दादा आजही म्हणतो, तेल कमी पडलं. पाच लिटर पेट्रोलला १०० मिली तेल मी स्वतः ओतलं होतं, आणि त्याच कॅनवर दुसरं मशीन संध्याकाळपर्यंत चाललं.

आता तुमचं. एका रिंगेला घर्षण कमी, मशीन पटकन उठतं. दोन रिंगा कॉम्प्रेशन चांगलं धरतात, उष्णताही सिलिंडरला जास्त देतात. पण कंपनीने जे दिलंय तेच घाला. रिंग फिरू न देणारी खाचेतली पिन पोर्टसमोर आली तर रिंगेचं टोक अडकून तुटतं. पिस्टनला बाजूने खिडक्या किंवा खाचे असतील तर नव्यालाही तिथेच हवेत. नुसता पिस्टन बदलून ताकद वाढत नाही, असलेली टिकली तरी पुष्कळ. पिस्टनच्या डोक्यावरचा बाण सायलेन्सरकडे असतो हे तुम्हाला ठाऊक असेलच.

एक राहिलं, तुमच्या मशीनला इनलेटवर रीड व्हॉल्व्ह (पातळ पट्टीची झडप) असेल तर इनलेटचं हे गणित लागू नाही. आमचं साधं पिस्टन पोर्टचं होतं. ते दोन्ही पिस्टन मी दुकानात जपून ठेवलेत. दादाने एकदा तरी स्वतःच्या हाताने व्हर्नियर लावून बघावा.