लहान होडी, लांब काठ्या : गळाचे सामान ठेवायचे कुठे?

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ भुसावळ तालुक्यात राहतो आणि मच्छीमार सहकारी संस्थेची परवानगी घेऊन हतनूरच्या जलाशयात सुट्टीच्या दिवशी गळाने मासेमारी करतो. यंदा बारा फुटी फायबरची जुनी होडी घेतली. काठावरून मासेमारी करताना जे सामान कधी जास्त वाटले नाही, ते होडीत मावेनासे झाले आहे. सहा रॉड, चार डबे, हातजाळे, नांगर, जेवणाचा डबा आणि बर्फाची पेटी एवढे सामान तळाशी पसरलेले असते. गेल्या महिन्यात धाकट्याचा पाय पडून एका रॉडचे टोक मोडले आणि एकदा गळ माझ्या पोटरीत रुतला. होडीला भोके पाडून कायमचे स्टँड बसवावेत काय? तसेच शेतात उरलेला पीव्हीसी पाईप या कामी उपयोगी पडेल काय?

उत्तर : आपल्या पत्रात सामानाची यादी सविस्तर आहे, परंतु होडीत आपले चार पाय कोठे असतात, याचा उल्लेख नाही. लहान होडीतील बहुतेक रॉड मोठ्या माशामुळे मोडत नाहीत, ते पायाखाली येऊन किंवा गाडीच्या दारात सापडून मोडतात. म्हणून रॉडसाठी जागा शोधण्याआधी पायांची जागा ठरवून घ्यावी. प्रत्येकाच्या बैठकीसमोरचा सुमारे दोन फूट तळ आणि एका बैठकीकडून दुसरीकडे जाण्याची वाट कायम मोकळी ठेवावी आणि तेथे एक डबासुद्धा ठेवू नये. एवढे पाळले की उरलेली जागा किती थोडी आहे हे दिसते आणि सहा रॉड नेण्याचा आग्रह आपोआप सुटतो. दोन माणसांना चार रॉड पुष्कळ होतात : दोन जोडलेले आणि दोन सुटे करून कापडी पिशवीत ठेवलेले.

भोके पाडण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. फायबरच्या अनेक लहान होड्यांमध्ये बैठकीखालची पोकळी हवाबंद केलेली किंवा फोमने भरलेली असते, आणि होडीत पाणी शिरले तरी ती तरंगत राहावी, यासाठीच ही योजना असते. तेथे एक स्क्रू चुकीच्या जागी गेला तरी पाणी हळूहळू आत झिरपत राहते, फोम भिजतो, होडी जड होते आणि याचा पत्ता बराच काळ लागत नाही. जुनी होडी घेतली असल्यामुळे आधीच्या मालकाने असे उद्योग केले आहेत काय, हेही एकदा बैठकींखाली हात घालून तपासावे.

पाईपचे मात्र आपल्याला नेमके सुचले आहे, आणि ठिबक व पाईप यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगाव जिल्ह्यात ते सुचणे स्वाभाविकच आहे. शेतीचा पीव्हीसी पाईप साधारणपणे वीस फुटी असतो. त्याचे पाच-पाच फुटांचे चार तुकडे होतात आणि सात फुटी रॉडला तेवढी लांबी पुरते, कारण मूठ आणि रीळ पाईपच्या बाहेरच राहायचे असते. व्यास त्रेसष्ट मिलिमीटरचा घ्यावा. शेतीच्या पाईपचे माप बाहेरून मोजलेले असते, त्यामुळे आतली जागा त्याहून कमी भरते. तरीही रॉडवरची, दोरा ओवायची रिळाजवळची सर्वांत मोठी रिंग त्यातून सहज जाते. एका पाईपमध्ये एकच रॉड ठेवावा. दोन ठेवले की रिंगा एकमेकींत अडकतात आणि ओढाताणीत एक तरी वाकते.

करवतीने कापलेली पाईपची कड धारदार असते, ती कानशीने घासून गुळगुळीत करावी. नाहीतर दर वेळी रॉड आत-बाहेर करताना त्यावर बारीक चरे पडतील, आणि कार्बनच्या रॉडला असा एखादा चराही पुढे ताण आल्यावर मोडायला पुरेसा ठरतो. पुढच्या टोकाला स्पंजाचा तुकडा बसवावा, म्हणजे लाटेवर होडी आपटली तरी रॉडचे नाजूक टोक आदळणार नाही. हे टोक पूर्ण बंद करू नये. खालच्या बाजूला दोन बारीक छिद्रे ठेवावीत, म्हणजे आत गेलेले पाणी निथळेल.

हे पाईप डाव्या-उजव्या कडेला दोन-दोन असे, रॉडची टोके होडीच्या पुढच्या बाजूला आणि मुठी मागच्या बैठकीकडे येतील अशा रीतीने बांधावेत. पुढे बसणाऱ्याला त्याचा रॉड मागच्याने काढून द्यावा लागेल, परंतु होडी थांबलेली असतानाच हे काम करायचे असल्याने त्यात विशेष अडचण नाही. बांधण्यासाठी दोन बैठकींच्या मध्ये घट्ट बसणारी लाकडी पट्टी घालावी आणि पाईप तिला नायलॉनच्या दोरीने आवळावेत. आधार दोन ठिकाणी न देता तीन ठिकाणी द्यावा, कारण आपल्याकडच्या उन्हात पीव्हीसी मऊ पडतो आणि दोनच टेकूंवर राहिलेला पाईप मध्ये पोटात वाकतो. बांधण्यासाठी सायकलच्या ट्यूबच्या चकत्या अनेकजण वापरतात, त्या पाईपवर चालतील. रॉडवर मात्र चढवून ठेवू नयेत, कारण उन्हाने रबर विरघळून रॉडला चिकटते. रॉडभोवती जाड कापडी पट्टी बरी.

ठिबकची सोळा मिलिमीटरची टाकाऊ नळीही फेकू नये. ती उभी चिरून होडीच्या कडेवर बसवली की रॉड टेकवताना घासत नाही, आणि तिचेच बोटभर तुकडे तीन टोकांच्या गळांवर चढवले की पोटरीत गळ रुतण्याचा प्रसंग टळतो. गळ अडकवण्यासाठी मुठीजवळ छोटी कडी असेल तर तीच वापरावी. अनेकजण तो जवळच्या रिंगेतच अडकवतात, त्यामुळे रिंगेच्या आतील चिनी मातीच्या कड्याचा टवका उडतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण पुढे मोठा मासा लागला असताना दोरा तेथेच कापला जातो आणि दोष मात्र दुकानदाराच्या तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याला, दिला जातो.

आता वजनाचा विचार. रॉड हलके असल्यामुळे ते कडेला उंचावर राहिले तरी चालते. परंतु नांगर, बर्फाची पेटी आणि शिशाचा डबा या जड वस्तू मध्यभागी, तळाशी आणि बांधूनच ठेवल्या पाहिजेत. होडी एका बाजूला कलली की सुटी पेटी त्याच बाजूला घसरते आणि कल आणखी वाढवते. तळाशी साचलेले पाणीही नेमके असेच वागते. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन, आणि ते प्रत्येक हेलकाव्याबरोबर धावत जाते. म्हणून पाणी उपसायचा डबा दोरीने बांधून हाताशी ठेवावा. वल्हीही बांधलेली असावीत. जीवरक्षक जॅकेट या यादीत आपण लिहिले नाही, ते ठेवायच्या सामानात धरलेही जाऊ नये. ते अंगावरच असावे.

डब्यांची संख्या चारवरून दोनवर आणता येईल. एकात गळ, शिसे, बूच आणि दोऱ्याची गुंडी, दुसऱ्यात कृत्रिम आमिषे. मऊ प्लास्टिकची आमिषे कडक प्लास्टिकच्या आमिषांना लागून ठेवू नयेत. काही महिन्यांत दोन्ही वितळून एकजीव होतात, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. कणकेचा गोळा झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आणि जेवणाचा डबा शिशापासून दूर. शिसे हाताळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नयेत.

तुटलेल्या दोऱ्यासाठी एक रिकामी पाण्याची बाटली होडीत ठेवावी. हतनूरला तापी आणि पूर्णा यांच्या पाण्यावर हिवाळ्यात स्थलांतरित बदके व इतर पक्षी मोठ्या संख्येने उतरतात. पाण्यात टाकलेल्या तंगुसात त्यांचे पाय गुंततात, आणि नायलॉन असल्याने तो लवकर कुजत नाही.

आणखी एक गोष्ट आपण विचारली नाही, तरी लिहिणे आवश्यक वाटते. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्रामुळे आपल्या परिसरात उच्च दाबाच्या तारांचे जाळे दाट आहे, आणि होडी ट्रॉलीवर चढवताना किंवा काठाकडे नेताना उभा धरलेला रॉड डोक्यावरून जाणाऱ्या तारेजवळ येऊ शकतो. त्यामुळे होडी पाण्याबाहेर असताना रॉड पाईपमध्येच असावेत. वैशाखात वळवाचे ढग दाटू लागले, तर रॉड आडवे करून सरळ काठ गाठावा.

प्रश्न : मी शहाद्याहून मोटारसायकलने प्रकाशाला जातो. तेथे ओळखीच्या भोई बांधवांच्या पत्र्याच्या नावेतून तापीत उतरतो. नाव माझी नसल्याने तीत काहीच बसवता येत नाही. सामान कसे न्यावे?

उत्तर : दुसऱ्याच्या नावेत आपण पाहुणे आहात आणि तीत त्यांचे जाळे आधीच पसरलेले असणार. त्यात गळ अडकला तर सोडवता सोडवता जाळ्याचे डोळे फाटतात आणि नुकसान त्यांच्या पोटावर येते. म्हणून नावेत बसेपर्यंत रॉडला गळ लावूच नये. चार तुकड्यांचा प्रवासी रॉड किंवा एकात एक सरकणारा रॉड आपल्याला सोयीचा. बंद केल्यावर तो दोन-अडीच फुटांचा होतो आणि पाठीवरच्या पिशवीत मावतो. सरकणाऱ्या रॉडमध्ये नदीची वाळू शिरली तर जोड घासतात, यासाठी तो मिटण्यापूर्वी प्रत्येक भाग ओल्या फडक्याने पुसावा. मोटारसायकलला रॉड बाजूने बांधल्यास टोक मागे ठेवावे आणि ते चाकाच्या बाहेर येणार नाही एवढे पाहावे. बाकी सर्व सामान एकाच कापडी पिशवीत बसले पाहिजे. बसत नसेल तर काय मागे ठेवायचे ते घरीच ठरवावे, नावेत नव्हे.

प्रश्न : चाळीसगावहून गिरणा धरणावर जातो. पावसाळ्यात चार महिने सामान पडून असते. रॉड पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवला तर चालेल काय?

उत्तर : चालणार नाही. टेकवून ठेवलेला रॉड, विशेषतः बांबूचा, हळूहळू त्याच दिशेने वाकतो आणि मग सरळ होत नाही. तो आडवा, तीन खुंट्यांवर, किंवा टोक वर करून सरळ टांगावा. पत्र्याची खोली तर पावसाळ्यापूर्वीच बाद समजावी. पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात असताना तिच्यात बांबूला तडे जातात आणि रिळातील ग्रीस पातळ होऊन बाहेर येते. मातीच्या किंवा विटांच्या आतल्या खोलीत, गोणपाटावर ठेवावे. रिळाचा ताणाचा स्क्रू पूर्ण सैल करावा, नाहीतर आतल्या चकत्या दबून कायमच्या चपट्या होतात आणि पुढच्या हंगामात दोरा झटके देत सुटतो. गळ कोरडे करून खोबरेल तेलाचा हात फिरवावा. नायलॉनचा दोरा उन्हाने खालावलेला असतो, तो दर वर्षी बदलावा. सगळा बदलणे परवडत नसेल तर उलटा गुंडाळून घ्यावा, म्हणजे रिळाच्या तळाशी राहिलेला न वापरलेला भाग पुढे येतो. कॉर्कच्या मुठीला कणकेचा किंवा माशाचा वास राहिला तर उंदीर ती कुरतडतात, तेव्हा साबणाच्या पाण्याने ती आधी धुवून घ्यावी आणि सावलीतच वाळवावी.